वर्गातला कायदा आणि विधिमंडळातला कायदा : प्राध्यापक आंबेडकरांचे राजकारण

विधिजिज्ञासू

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. तरीही त्यांच्या एका भूमिकेकडे आपण फारसे थांबून पाहत नाही, आणि ती म्हणजे कायद्याच्या प्राध्यापकाची. चरित्रांमध्ये तिचा उल्लेख एखाद्या वाक्यात येतो आणि निवेदन लगेच महाड, गोलमेज परिषद किंवा घटना समितीकडे वळते. ते काही अंशी स्वाभाविकही आहे. परंतु कायदा शिकवणारा माणूस आधी प्रांताच्या आणि नंतर देशाच्या राजकारणात उतरतो, तेव्हा वर्गातले काय बरोबर नेतो, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारण्याजोगा आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा.

प्रथम कालक्रम पाहू, कारण तो आपल्या समजुतीइतका सरळ नाही. आधी अध्यापन, मग प्रांतिक राजकारण, मग राष्ट्रीय राजकारण अशी शिडी येथे नाही. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, परंतु तेथे विषय अर्थशास्त्राचा होता. त्या नोकरीत असतानाच जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकारासंबंधीच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी ३१ जानेवारीस ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव घालता आले नाही. ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२३ पासून त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले. १९२७ च्या आरंभी राज्यपालांनी नियुक्त केलेले सदस्य म्हणून ते मुंबई कायदे कौन्सिलात दाखल झाले, आणि शासकीय विधी महाविद्यालयातील प्राध्यापकपद त्यानंतर, म्हणजे जून १९२८ मध्ये मिळाले. अर्थात आमदार आधी आणि कायद्याचे सरकारी प्राध्यापक नंतर.

पुढचा टप्पा याहून विलक्षण आहे. जून १९३५ मध्ये ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि प्राचार्यपदाचा राजीनामा त्यांनी दिला तो मे १९३८ मध्ये. वर्षभराहून अधिक काळ एकच व्यक्ती सरकारी विधी महाविद्यालयाची प्रमुख होती आणि विधानसभेत विरोधी बाकांवरील एका पक्षाची नेताही होती. आजच्या सेवाशर्ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे खरे वाटणार नाही.

आता मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात इंग्लंडच्या राज्यघटनेवरील त्यांची व्याख्याने आहेत, आणि निरनिराळ्या कायद्यांवरील टिपणेही आहेत. पुरावा, मुदत, मालमत्तेचे हस्तांतरण, विश्वस्तव्यवस्था असे रोजच्या शिकवण्याचे विषय त्यांत आहेत, आणि त्यांतच विशिष्ट दादीसंबंधीचा, म्हणजे ‘स्पेसिफिक रिलीफ’चा कायदाही आहे. हक्क मोडला तर न्यायालय नेमके काय करायला लावू शकते किंवा काय करण्यापासून रोखू शकते, हे सांगणारा तो कायदा. माझे म्हणणे असे आहे की बाबासाहेबांच्या विधिमंडळातील कामाचा कणा हाच आहे : प्रत्येक हक्काला ‘दाद कोठे?’ हा प्रश्न विचारणे.

या प्रश्नाची निकड त्यांना महाडने दाखवून दिली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात संमत करून घेतला होता, आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. ठराव होता, जाहीर घोषणा होती. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते, कारण अडवणाऱ्याला शिक्षा नव्हती आणि अडवला गेलेल्याला दाद नव्हती. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तेव्हा हजारो माणसे महाडात जमलेली असतानाही बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम स्थगित ठेवला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. तोही अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून लागला नाही, तर बहिष्काराची प्राचीन रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही म्हणून लागला. रूढी सिद्ध झाली असती तर काय, या प्रश्नाने कायद्याच्या प्राचार्यांची झोप उडाली नसेल असे मला वाटत नाही.

जाणकारांनी यात भर घालावी. मतभेद असल्यास तेही सविस्तर मांडावेत.

शंकासुर

धागा चांगला आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला असा की अध्यापनाला आपण फार मोठे स्थान देत आहात. अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार सहजासहजी येत नसत, घरची जबाबदारी मोठी होती, चळवळीचा खर्च होता. अशा माणसाने शिकवण्याचे काम पत्करले ते मुख्यतः चरितार्थासाठी, असे म्हणणे अधिक वास्तव नाही का?

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. त्या पिढीचे राजकारण वकिलांनी भरलेले होते. मुकुंदराव जयकर, भुलाभाई देसाई, कन्हैयालाल मुन्शी, बाळासाहेब खेर ही केवळ मुंबईतील नावे झाली. कायद्याचे ज्ञान सर्वांकडेच होते. मग ‘प्राध्यापक’ असण्याने नेमका कोणता फरक पडला, हे उदाहरणाने दाखवावे लागेल. अन्यथा हा केवळ कौतुकाचा धागा होईल.

पानोपानी

शंकासुर यांचा पहिला आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. चरितार्थासाठी पत्करलेले कामही माणसाच्या विचारपद्धतीला वळण लावतेच.

दुसऱ्याचे उत्तर मी मुंबई विधानसभेतील सप्टेंबर १९३८ मधील भाषणाच्या आधारे देतो. काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले होते आणि त्यात काही परिस्थितीत संप हा गुन्हा ठरणार होता. विरोधातील इतर भाषणे प्रामुख्याने गिरणी कामगारांच्या हालअपेष्टांवर होती, आणि ती तशी असणे योग्यच होते. बाबासाहेबांनी मात्र प्रारंभ केला तो संप म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, येथून. नोकरी हा करार आहे. काम थांबवणे हा फार तर त्या कराराचा भंग आहे. करारभंग ही दिवाणी चूक आहे आणि तिच्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. ती फौजदारी अपराध नव्हे. करारभंगासाठी माणसाला तुरुंगात पाठवू लागलात, तर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेत आहात, आणि इच्छेविरुद्ध करून घेतलेल्या कामाला गुलामगिरी म्हणतात. असा तो युक्तिवाद आहे. वकील आपल्या पक्षकाराच्या बाजूने उपलब्ध कायद्यातून वाट काढतो. येथे संपूर्ण प्रवर्गच चुकीचा निवडला आहे असे सभागृहाला पायरीपायरीने शिकवले जात आहे. विधेयक संमत झाले, ७ नोव्हेंबरला मोठा संप झाला, तो इतिहास सर्वांना परिचित आहे.

दुसरे उदाहरण १९३० च्या गोलमेज परिषदेचे आहे. तेथे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीला जे निवेदन दिले, त्यात समान नागरिकत्वाची मागणी करून ते थांबले नाहीत. हक्क नाकारणाऱ्याला शिक्षा सांगणारी कलमे त्यांनी मसुद्याच्या भाषेत लिहून दिली, आणि त्यांसाठी अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा आधार घेतला. सामाजिक बहिष्काराची व्याख्या व शिक्षा लिहिताना ब्रह्मदेशातील १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा समोर ठेवला. ब्रह्मदेशाचा तो कायदा वेगळ्याच राजकीय कारणासाठी झाला होता. तो येथे उपयोगी पडेल हे सुचण्यासाठी अनेक देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागते. आणि ती वकिलीच्या धावपळीत सहसा लागत नाही.

जाता जाता : सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो २०१६ चा, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये.

दक्षिण रायगड

आमच्या भागाशी निगडित असलेला खोतीचा विषय येथे यायलाच हवा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. सारा सरकारला भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळाकडून किती वसूल करायचे हे व्यवहारात त्याच्याच हाती. कुळाने भात पिकवायचे, खळ्यावर खोताचा वाटा मोजून द्यायचा, आणि वर खोताच्या घरची वेठही करायची. नांगरणीच्या दिवसांत स्वतःचे शेत तसेच ठेवून आधी खोताच्या शेतात जोत घेऊन जावे लागे, असे आमच्याकडील म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. अलिबागजवळच्या चरी परिसरात शेतकऱ्यांनी १९३३ पासून कित्येक वर्षे जमिनी न कसण्याचा जो संप केला, तो नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, आणि बाबासाहेबांचा त्याला पाठिंबा होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. खोताचा मधला हक्क काढून घ्यायचा, त्याला वाजवी भरपाई द्यायची, आणि कुळाला नवे नाव न देता जमीन महसूल कायद्यातील ‘कब्जेदार’ हाच दर्जा द्यायचा. म्हणजे १८७९ चा कायदा रयतवारी भागातील शेतकऱ्याला जे संरक्षण आधीपासून देत होता, ते सर्व एका शब्दाने कोकणातील कुळाला लागू व्हावे. अनेक कलमांचे काम एका व्याख्येवर भागवण्याची ही युक्ती मसुदा लिहिणाऱ्या माणसाची आहे. विधेयक पुढे सरकेना तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून बोटींनी आलेल्या शेतकऱ्यांसह मुंबईत मोर्चाही निघाला. मोर्चा नेणारे त्या वेळी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते हे धाग्यातील कालक्रमावरून आत्ता ध्यानात आले.

खोती नष्ट करणारा कायदा अखेर १९४९ मध्ये झाला. महार वतनाची गोष्ट आणखी लांबली. वतनदाराला कोणत्याही अंमलदाराने कोणत्याही वेळी राबवावे आणि मोबदला म्हणून तुटपुंजे इनाम व गावाच्या मर्जीवरचे बलुते मिळावे, ही व्यवस्था बदलण्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये विधेयक आणले होते. बलुत्याऐवजी साऱ्याबरोबर वसूल होणारी रोख पट्टी असावी, आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्याचा गाभा होता. निवड समितीत त्याचा गाभाच काढून घेतला गेला, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा आला तो १९५८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

फळाखडू

मी तालुक्याच्या ठिकाणी विधी महाविद्यालयात संविधान शिकवतो. वरील उदाहरणे संविधानाच्या मजकुरात कशी उतरली आहेत, ते पाहावे.

अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढावा. सार्वजनिक खर्चाने राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून निर्बंध घालता येणार नाही, असे तो म्हणतो. जगातील फारच थोड्या राज्यघटनांच्या मूलभूत हक्कांमध्ये तलाव आणि विहीर हे शब्द सापडतील. शिवाय हा खंड केवळ शासनाला बांधत नाही, खासगी व्यक्तींनाही बांधतो. महाडमध्ये अडवणारे शासन नव्हते, शेजारी होते. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगून थांबत नाही; तिच्यातून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध ठरवतो. १९२३ च्या ठरावात जे नव्हते ते येथे आहे. अनुच्छेद २३ वेठबिगार मना करतो. त्याच्यामागे महार वतन आणि खोती दोन्ही उभी आहेत.

हे सारे एकट्या बाबासाहेबांनी लिहिले असा दावा मी करणार नाही. मूलभूत हक्कांवर वेगळी समिती काम करत होती, बी. एन. राव यांनी प्राथमिक मसुदा सिद्ध केला होता, आणि मसुदा समितीत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखे श्रेष्ठ विधिज्ञ होते. परंतु समितीच्या कामाचा भार प्रत्यक्षात कुणी उचलला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले आहे : कुणी राजीनामा दिलेला, कुणाचे निधन झालेले, कुणी परदेशी, कुणी संस्थानी कारभारात गुंतलेला, कुणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर, आणि म्हणून भार आंबेडकरांवर. दाखल झालेल्या दुरुस्त्या साडेसात हजारांहून अधिक होत्या आणि प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. त्यांतील असंख्य दुरुस्त्यांना त्यांनी दिलेली उत्तरे वाचताना मला ते वर्ग घेत असल्यासारखेच वाटतात. सदस्याचा गैरसमज नेमका कोठे आहे ते आधी सांगायचे, मग इतर घटनांतील तरतूद, मग आपल्या शब्दयोजनेचे कारण. कधी तिरकस शेरा. नापास झालेल्या उत्तरपत्रिकेवर असावा तसा.

विधिजिज्ञासू यांनी उपस्थित केलेल्या दादीच्या प्रश्नाचे उत्तर ९ डिसेंबर १९४८ च्या भाषणात आहे. आजचा अनुच्छेद ३२ तेव्हा मसुद्यात पंचविसावा होता. ज्याच्यावाचून ही घटना निरर्थक ठरेल असा एकच अनुच्छेद सांगा म्हटले तर मी हाच सांगेन, असे म्हणून त्यांनी त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येणे हाच येथे हक्क आहे. माझे विद्यार्थी हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करतात. त्याच्यामागे चवदार तळ्याचा दहा वर्षे चाललेला दावा आहे हे त्यांना सांगावे लागते.

शंकासुर

फळाखडू आणि दक्षिण रायगड यांचे प्रतिसाद समाधानकारक आहेत. तरीही या चित्राची दुसरी बाजू धाग्यात येत नाही आहे.

राजकारणात युक्तिवाद जिंकून भागत नाही. वतनाचे विधेयक मागे घ्यावे लागले, खोतीचे विधेयक संमत झाले नाही, औद्योगिक कलह विधेयक रोखता आले नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळताना त्यांनी बरेच काही साधले, हे खरे. परंतु तेथे मतांची गणना करावी लागत नव्हती. हिंदूंच्या विवाह, वारसा इत्यादी कायद्यांत सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी ते कायदामंत्री होते, मसुद्यावर त्यांच्याइतकी पकड कुणाचीही नव्हती, आणि तरी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा देण्याची वेळ आली. तेच कायदे १९५५-५६ मध्ये चार तुकड्यांत झाले, ते बहुमत हाताळणाऱ्यांच्या हातून. पुढे १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत नारायण काजरोळकर यांनी त्यांना पराभूत केले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही अपयश आले. घटना समितीतील प्रवेशसुद्धा १९४६ मध्ये बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने झाला, आणि फाळणीनंतर जयकरांच्या रिक्त जागेवर मुंबईतून झाला तो काँग्रेसने मनावर घेतले म्हणून. प्राध्यापकाला सभागृह वश होते, मतदारसंघ होत नाही, असा निष्कर्ष यातून कुणी काढला तर तो चूक कसा?

सांख्यिक

१९५२ च्या पराभवावरून असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मतदानाची पद्धत पाहावी लागेल, कारण १९३७ आणि १९५२ या निवडणुका एकाच नियमाने झालेल्याच नाहीत.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघांत संचयी मतदान होते. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत, आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. त्यामुळे संख्येने अल्प परंतु संघटित असलेल्या गटाला आपला उमेदवार निवडून आणणे शक्य होते. स्वतंत्र मजूर पक्षाने मोजक्याच, म्हणजे सतरा जागा लढवल्या आणि त्यांतील बहुतेक जिंकल्या. स्वतः बाबासाहेबांनी काँग्रेसतर्फे उभे असलेले विख्यात क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला. एवढ्या अचूक जागा निवडून लढणारा पक्ष मतदारसंघ ओळखत नव्हता असे म्हणता येणार नाही.

१९५२ मध्ये उत्तर मुंबई हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. मते दोन, परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या तेव्हाच्या पक्षाच्या मतदाराची ताकद निम्म्यावर आली, आणि राखीव जागेचा निकाल सर्वसाधारण मतदारांच्या कलावर अवलंबून राहिला. पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून देताना जो धोका त्यांनी बोलून दाखवला होता, तो हाच. समाजवादी पक्षाशी युती याच गरजेतून झाली होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते, दोघेही हरले. बाबासाहेबांचा पराभव सुमारे १५ हजार मतांनी झाला. अर्थात काँग्रेसची तेव्हाची लाट हेही कारण होतेच, ते मी नाकारत नाही.

विधिजिज्ञासू

सांख्यिक यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. त्या निकालाविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला होता. दोन्ही मते एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकल्यामुळे ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली, आणि एक मत वाया घालवा असा प्रचार मुद्दाम करण्यात आला, अशी त्यातील मुख्य तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला. पराभवाच्या १५ हजारांच्या अंतराशेजारी बाद मतांचा तो आकडा ठेवून पाहिला, तर शंकासुर यांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. परंतु हिंदू कोड बिलाविषयीचे त्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असा आधार माझ्याजवळ नाही. त्यासाठी १९५१ च्या फेब्रुवारी आणि सप्टेंबरमधील संसदेतील चर्चा कलमागणिक वाचाव्या लागतील. कुणी वाचल्या असल्यास येथेच लिहावे, नवा धागा काढण्याची आवश्यकता नाही.